पब्लिकले पाठ दाखवाची नाई

वासुदेवभाऊ आमच्या घरून कधी सरळ निघालाच नाही. चहा झाला की उठायचा, "येतो बाई" म्हणायचा आणि तोंड आमच्याकडेच ठेवून मागे मागे सरकत फाटकापर्यंत जायचा. एकदा असाच जाताना बकरीवर आदळला आणि दोघंही नालीत पडले. बकरी बोंबलली, हा नाही. चिखलात बसल्या बसल्या हात जोडून म्हणतो, "माफी असावी, मायबाप." मी पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना.

"अवं बापा, मानसासारखं चालत जा न!" मी म्हटलं.

"नाई जमत, बाई. नाटकाच्या मास्तरनं पहिल्या दिवशी सांगतलं होतं. पब्लिकले पाठ दाखवाची नाई. पाठ दाखवली का नट मेला."

"अन् मी का पब्लिक हावो?"

"दोन डोळे हायेत न तुले? झालं मंग."

मी मंगला. दिवाळी ते होळी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करते. आईचीच. वयात आले तेव्हापासून मला कोणी नायिका केलंच नाही, उंची आणि आवाज दोन्ही सासूचे पडले. कंपनीत पुढून मंगलाबाई म्हणतात, मागून मिरची. वासुदेवभाऊ आमच्या कंपनीचा व्हिलन. राहायला घुग्घुसला, आमच्याच गल्लीत. आता तो जिवतीकडे बहिणीच्या शेतावर असतो, फोन उचलत नाही. पण त्याची आठवण निघाली नाही असा आमचा एक चहा होत नाही.

नाटकाचे दिवस सरले की तो रेडियमचं दुकान चालवायचा. ट्रकच्या मागची नावं, मोटारसायकलवरची वाघाची तोंडं, 'आईचा आशीर्वाद' वगैरे. कोळशाच्या धुळीनं दिवसभर काळा झालेला माणूस, पण ब्लेडनं अक्षर असं कापायचा की बघत राहावं. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मले कोन देते जी पोरगी? रोज एक पळवतो मी." पालीला भ्यायचा. भिंतीवर पाल दिसली की हा गावभरच्या पोरी पळवणारा व्हिलन माझ्या मागे लपायचा आणि वरून म्हणायचा, "हाकल न बाई, पाहून का राह्यली!"

स्टेजवर मात्र तो ओरडत नसे. बाकीचे व्हिलन घसा फाडतात, हा कुजबुजायचा. "ओरडनारा व्हिलन सस्ता असते, बाई. हळू बोलाचं. पब्लिक आपल्या आपन पुढं सरकते." आणि खरंच सरकायची. त्याची दुसरी खोड म्हणजे पदरचं घालणं. आमच्याकडे तालमी जेमतेम होतात, विंगेत बसलेला प्रॉम्प्टर सांगेल ते झेलत बोलायचं असतं. वासुदेवभाऊ प्रॉम्प्टरचं एक वाक्य घ्यायचा आणि स्वतःची दोन लावायचा. लेखक चिडायचे, लोक मात्र शिट्या मारायचे. शेवटी त्याचीच दोन पुढच्या प्रयोगाला कायम व्हायची.

याच खोडीनं पुढचं सगळं घडलं.

नागपूरचा एक दाढीवाला पोरगा पिच्चर काढायला आला. पिच्चरचं नाव सांगत नाही, उगाच कोणी शोधून बघेल. शाळेतल्या बाईवर एका माणसाचा जीव जडतो, ती नाही म्हणते, आणि तो मागंच लागतो, अशी गोष्ट. तो माणूस म्हणजे आमचा वासुदेवभाऊ. डायरेक्टर म्हणायचा, सायको थ्रिलर आहे. वासुदेवभाऊनं विचारलं, "सायको म्हंजे का जी?"

"ज्याचं प्रेम डोक्यात जातं."

"अन् तिचं?"

"तिचं काय?" डायरेक्टर म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे गेला. मी तिथंच होते. नायिकेची आई कोण असणार दुसरी!

नायिका होती जया, वडशाची, आमच्याच कंपनीतली गुणी पोरगी. कथेत असं होतं की तो तिच्या दारात रोज गुलाब ठेवतो. वासुदेवभाऊ हसला. "इथं गुलाब कोन ठेवते, सर? माही माय पहिला मोह वेचून आनला का शेजारच्या उंबऱ्यावर एक द्रोन भरून ठेवत जाय. सांगत नसे, बोलत नसे. ज्याले भेटला त्यानं खाल्ला. तसा द्रोन ठेवतो मी."

डायरेक्टर नाचायचाच बाकी होता. मग वासुदेवभाऊची कळी खुलली, आणि पुढचंही पदरचं निघालं. ती नाही म्हणते, तर दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर पालथा द्रोण. मग तिसरा द्रोण, त्यात तिचीच एखादी वस्तू, घरातून कधी नेली ते तिलाही माहीत नाही. आणि तो द्रोण आला त्याच दिवशी तो तिला खदानीच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खड्ड्याच्या काठावर नेतो. डायलॉगही यानंच रचला. "तू नाई म्हन. मी थांबतो." असा हळू म्हणायचा की दगडालाही पाझर फुटावा.

खड्ड्याच्या सीनला जया हात सोडवायला बघत होती, रडत होती. कॅमेरा याच्या तोंडावर. डायरेक्टर म्हणाला, "वा भाऊ! काय डोळे!" जया नंतर झाडाखाली जाऊन मनगट चोळत बसली. मी पाणी दिलं. म्हणाली, "मंगलाकाकू, मी खरंच भेली होती वं." वासुदेवभाऊ लांबूनच विचारत होता, "लागलं का जी, जयाबाई?" तिनं नाही म्हटलं, आणि त्यानं ते खरं मानलं.

पिच्चर मोबाइलवर आला आणि पोट्ट्यांनी डोक्यावर घेतला. पूर्ण कोणी पाहिला असेल नसेल, तुकडे सगळ्यांनी पाहिले. द्रोण ठेवतानाचे ते डोळे आणि तो डायलॉग. दुकानासमोर मोटारसायकलींची रांग लागली. प्रत्येकाला मागच्या मडगार्डवर तेच पाहिजे, 'तू नाई म्हन. मी थांबतो.' वासुदेवभाऊ कापायचा, चिकटवायचा, वर सेल्फी. खूश होता, का नसावा? व्हिलनला कधी कोणी खांद्यावर घेतलं होतं का?

मार्च सरता सरता आमच्या शेजारच्या नामदेवभाऊंच्या उंबऱ्यावर मोहाच्या फुलांचा द्रोण आला.

नामदेवभाऊ सिमेंट फॅक्टरीत पाळीवर. बायको शोभा, एकुलती पोरगी पल्लवी. चंद्रपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोज बसनं जायची. शेंबडी होती तेव्हापासून म्हणायची, मी नर्स होनार, आणि आमच्या कोंबड्यांना इंजेक्शन द्यायची. द्रोण पाहून शोभा म्हणाली, "वासुदेवभाऊनंच ठेवला असन. त्याच्या मायचा रिवाज होता न." तिनं फुलं गुळात शिजवली, सगळ्यांनी खाल्ली, मलाही वाटी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रोण, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर आम्ही मोह खाल्ला. त्याचे आभार मानायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण असल्या द्रोणाचे आभार मानायचे नसतात, तोच तर रिवाज.

मग एका सकाळी द्रोण पालथा होता.

शोभा तो हातात घेऊन हसत दुकानात गेली, मी तिच्यासोबत. "का जी वासुदेवभाऊ, फुलं सरली का?"

त्यानं द्रोण पाहिला. हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "हा कोन ठेवला?"

"तुमीच न!"

"वैनी, मी एकबी द्रोन नाई ठेवला." त्यानं द्रोण तिच्या हातातून घेतला. "पल्लवी कोनाले नाई म्हनली का काल?"

पल्लवीला विचारलं तेव्हा कळलं. अक्षय नावाचा एक पोरगा, खदानीत ठेकेदाराकडे कामाला, महिनाभर बसस्टॉपवर उभा असायचा. आदल्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, माझ्या मागं येऊ नको. घरी बोलली नव्हती. का नव्हती ते त्याच संध्याकाळी आम्हाला दिसलं.

नामदेवभाऊ ताडकन म्हणाले, "कॉलेज बंद. परीक्षा गेली चुलीत. एक स्थळ आलं हाये, उरकून टाकतो."

"चूक त्याची, अन् घरी मी बसू?" पल्लवी म्हणाली. "बाबा, एक महिना राह्यला हो."

"पोलिसात जा न!" मी म्हटलं.

"अन् बदनामी कोनाची होईन, मंगलाबाई? तुमची?"

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं नाही, चांगलं सुनावलं. पण उपयोग शून्य. मध्येच वासुदेवभाऊ म्हणाला, "नामदेवभाऊ, पोरीले घरी नोका बसवू. मी त्या पोट्ट्याशी बोलतो. माहं ऐकन थो." त्याला खरंच तसं वाटत होतं.

तो बोलायला गेला, आणि काय झालं ते दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. अक्षयनं आधी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. गुरुजी म्हणाला. मग मोटारसायकल दाखवली. मडगार्डवर तोच डायलॉग, याच्याच हातचा.

"मी म्हटलं, बेटा, थे पोरगी नाई म्हनते. त म्हनते कसा, 'नाई म्हनाचं असतं त माही फुलं काऊन खाल्ली?' मी म्हटलं, माही समजून खाल्ली. त हासला, बाई. म्हनते, 'पिच्चरातबी आधी तसंच होते न, भाऊ.'"

"मंग?"

"म्या ब्लेड काढलं अन् त्याच्यासमोर एक एक अक्षर खरडून टाकलं. थो उभा राहून पाहे. म्हनते, 'काढा न. पाठ हाये मले.'" त्या दिवशी वासुदेवभाऊनं चहाला हात लावला नाही. "मंगलाबाई, तिसरा द्रोन अजून येनार हाये. अन् तिसऱ्याच्या पुढं का हाये, थे मले माहीत हाये."

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारा. सकाळी उठलं की शोभा आधी उंबरा बघायची. वासुदेवभाऊ पल्लवीला सायकल ढकलत बसपर्यंत सोडायचा, पुढे मैत्रिणी असायच्या. संध्याकाळी नामदेवभाऊ नाहीतर हाच आणायला. नामदेवभाऊंनी एवढं कबूल केलं होतं, पण बजावलं होतं की तो पोट्टा पुन्हा दारात दिसला तर पोरगी त्याच दिवशी सासरी. पल्लवी पुस्तकं मांडीवर घेऊन पाठांतर करायची आणि फाटक वाजलं की दचकायची. मोहाचा वास आला तरी ती खिडकी लावून घ्यायची. आमच्याकडे एप्रिलात तो वास कुठून येणार नाही?

एका दुपारी शोभाचा डोळा लागला. उठून पाहते तर उंबऱ्यावर द्रोण, आणि द्रोणात पल्लवीच्या केसांचा निळा चाप. मागच्या आंगणातल्या दोरीजवळच्या खिळ्यावर असायचा तो. म्हणजे हा माणूस आंगणात येऊन गेला होता. शोभा चाप घेऊन अनवाणी धावत दुकानात आली. मी तिथंच नावाची पाटी टाकायला गेले होते.

पल्लवीचा फोन लागेना. मैत्रिणीचा लागला. ती म्हणाली, आज कॉलेज लवकर सुटलं, पल्लवी आधीच्या बसनं निघाली. म्हणजे स्टॉपवर तिला आणायला कोणीच नव्हतं.

"चाल, बाई," वासुदेवभाऊ म्हणाला. दुकान उघडं टाकलं. माझी स्कूटी मीच चालवली, त्याला सायकलशिवाय काही येत नव्हतं. "स्टॉपवर नाई," मागून तो म्हणाला, "खड्ड्याकडं घे."

ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खदानीच्या जुन्या खड्ड्याजवळ मोटारसायकल आडवी दिसली, मडगार्ड खरडलेलं. आणि अगदी काठावर दोघं. अक्षयनं पल्लवीचं मनगट धरलं होतं. तिची पिशवी खाली पडलेली. ती ओरडत नव्हती. पाय मागे रोवून उभी होती, आणि मागे जागा किती आहे ते तिला दिसत नव्हतं.

मी बोंब मारणार तर वासुदेवभाऊनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "ओरडली त ओढन थो."

अक्षय बोलत होता. मी कान दिला. आवाज वासुदेवभाऊचा. तीच कुजबूज, तेच थांबणं. पिच्चरातलं सगळं भाषण जसंच्या तसं. वासुदेवभाऊ हळूहळू पुढे गेला. जवळ गेला, आणि तेवढ्यात अक्षय अडखळला. वाक्य विसरला. पकड मात्र सुटली नव्हती.

वासुदेवभाऊनं तेव्हा जे केलं ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल. त्यानं प्रॉम्प्टिंग केलं. सपाट आवाजात, विंगेतून देतात तसं.

"...'पन तुह्या हाताले लागून राह्यलं.' म्हन."

अक्षयनं वळून पाहिलं. "असं नाई हाये ते."

"हाये. शूटिंगमधी होतं. सरनं कापलं. सीन म्या केला का तू?"

पोट्टा त्याच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. "पन तुह्या हाताले... लागून राह्यलं."

"हां. आवाज खाली. मंग थो तिच्या हाताकडं पाह्यते."

अक्षयनं पाहिलं.

"मंग एक एक बोट सोडते. घाई नाई कराची. आधी करंगळी."

देवाशपथ सांगते, त्यानं करंगळी सोडली. मग दुसरं बोट. तिसऱ्याला पल्लवीनं थांबणंच सोडून दिलं. हिसका मारून हात सोडवला, त्याच्या छातीवर कोपर हाणलं आणि धावत येऊन माझ्यावर आदळली. वासुदेवभाऊनं अक्षयची कॉलर धरून त्याला काठापासून ओढलं आणि स्वतः त्याच्यासकट जमिनीवर बसला. मग मी जी बोंब मारली ती पलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी ऐकली.

लोक येईपर्यंत अक्षय एकच विचारत होता, "भाऊ, थो सीन खरंच होता का?" वासुदेवभाऊनं कॉलर तेवढी सोडली नाही.

तक्रार पल्लवीनं स्वतः दिली. नामदेवभाऊ पुन्हा बदनामीचं बोलायला लागले, तर म्हणाली, "त्याची होऊ द्या न बाबा, कधी त्याचीबी होऊ द्या." साक्षीदार म्हणून वासुदेवभाऊचं नाव लागलं. परीक्षाही तिनं दिली, मनगटाला पट्टी बांधून. पास झाली, आज नोकरीवर आहे.

गावानं वासुदेवभाऊला हार घातले. त्या हारांतून तो सुटला तोच पल्लवी दुकानात आली. मी होते. ती म्हणाली, "काका, उपकार हायेत तुमचे, नाई म्हनत नाई. पन एक सांगू का? म्या काल थो पिच्चर पूर्ण पाहिला. त्या खड्ड्याच्या सीनमधी जयाताईचं तोंड दिसतच नाई. पूर्न वेळ तुमचंच. थे भेली का नाई, पाहनाऱ्याले कसं समजन?"

मला वाटलं तो काही पदरचं घालेल. त्यानं मान खाली घातली आणि रेडियमचे तुकडे गोळा करत राहिला. पोरगी गेल्यावरही कितीतरी वेळ तेच करत होता. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

त्या दिवाळीनंतर कंपनीच्या मालकानं त्याच पिच्चरचं नाटक काढलं. धंदा ओळखणारा माणूस. वासुदेवभाऊ नाही म्हणेल असं मला वाटलं होतं, तो हो म्हणाला. वडशाच्या पुढं एका गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, होती, तिथं पहिला प्रयोग. मंडप फुल्ल. द्रोण दिसला की पोट्टे उभे राहून शिट्या मारायचे, बक्षिसं पुकारली जात होती, माईकवर नावांमागून नावं. मी विंगेत.

खड्ड्याचा सीन आला. जयाचा हात त्याच्या हातात. लोक डायलॉगसाठी आधीच ओरडायला लागले, "थांबतो! थांबतो!" प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं. वासुदेवभाऊनं ते घेतलं नाही. दुसऱ्यांदा दिलं, तरी नाही.

आणि तो वळला. सावकाश, सबंध वळला आणि पब्लिककडे पाठ करून उभा राहिला. सगळा उजेड जयाच्या तोंडावर. तिला हे सांगितलेलं नव्हतं. मंडपातली सगळी तोंडं एकदम तिच्यासमोर आली, मनगट त्याच्या हातात. शूटिंगच्या दिवशी झाडाखाली मी जे तोंड पाहिलं होतं तेच तिचं तोंड त्या रात्री सगळ्या गावानं पाहिलं.

"भाऊ, इकडं पाहा न!" कोणीतरी ओरडलं. एक शिटी वाजली आणि अर्ध्यातच विरली. तो हलला नाही. मंडप गप्प झाला, इतका की जयाचा श्वास ऐकू येत होता.

मग पुढच्या ताडपत्रीवरून एका बाईचा आवाज आला. "सोड रे तिले!"

दुसरी उठली. "सोड म्हनते न!" मग सगळ्या बायकांची बाजूच उभी राहिली. "सोड! सोड!" मागचे पोट्टे इकडेतिकडे बघत होते, त्यांनी खाली घातलेल्या माना मी विंगेतून पाहिल्या.

वासुदेवभाऊनं हात सोडला. मालक माझ्या शेजारी दातओठ खात होता. दुसऱ्या दिवशी त्यानं हिशेब चुकता करून त्याला काढलं आणि वासुदेवभाऊ सकाळच्या बसनं गेला, मला उठवलंही नाही. पण मला तो दिसतो तो त्या क्षणी. जयाचा हात सोडून तो स्टेजच्या मागच्या पडद्याकडे निघाला. मागे मागे नाही, हात जोडून नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या पब्लिकला पाठ दाखवून तो सरळ चालत गेला.